वाटाड्याची शीळ

केनियातल्या दोलदोलच्या बाजूचे झाडून सगळे गुराखी शीळ घालतात. गुरं पाण्यावर न्यायची तर एक शीळ, मागे वळवायची तर दुसरी, वासरू चुकलं तर तिसरी, जरा लांबवलेली. एक सिरोन्का तेवढा शीळ घालत नसे. त्याची गुरं जिभेच्या टकटक आवाजावर चालत आणि "हो हो" म्हटलं की थांबत. यावर लोकांनी काय काय रचलं होतं. कुणी म्हणे, पोरपणी याने शीळ घातली आणि वासराऐवजी सिंह आला, तेव्हापासून तोंड मिटलं. कुणी म्हणे, दात काढताना वैदूचा हात घसरला. आता खालचे दोन दात आमच्याकडे सगळ्यांचेच काढतात आणि त्याच फटीतून सगळे मजेत शीळ घालतात, तेव्हा हीसुद्धा थापच.

खरं कारण लाजेचं होतं. ते त्याने साठ वर्षं पोटात ठेवलं, बायकोलाही सांगितलं नाही.

सिरोन्का हे त्याचं जन्माचं नाव नव्हे. तो जन्मला मुकोगोदोच्या जंगलात, खडकाच्या कपारीत, याकू लोकांत. त्याचा बाप लेंतुरे त्याला जुन्या बोलीत 'माशी' म्हणायचा, मधमाशीतली माशी. त्या लोकांकडे गुरं नव्हती. ओंडके होते. लाकडाचा जाड ओंडका आतून पोखरायचा, दोन्हीकडे झाकणं बसवायची, धूर द्यायचा आणि उंच झाडावर टांगायचा. माश्या येऊन राहायच्या. ज्याचे ओंडके जास्त तो मोठा माणूस. माशीने पहिली गाय पाहिली ती सहाव्या वर्षी, आणि तो किंचाळत झाडावर चढला, कारण त्याच्या मते तो रानरेडाच होता, फक्त आजारी होता म्हणून अंगावर धावला नाही. बाप झाडाखाली बसून हसला, तो संध्याकाळपर्यंत हसतच होता. पुढे शंभर गायींचा धनी झाल्यावर सिरोन्काने ही गोष्ट कुणाला सांगितली असेल असं वाटत नाही.

आणि शीळ. जंगलात एक मातकट रंगाचा पक्षी असतो, साळुंकीहून लहान. मध कुठे आहे ते त्याला कळतं, पण पोळं फोडता येत नाही. माणसाला फोडता येतं, पण कुठे आहे ते कळत नाही. म्हणून तो पक्षी माणसाजवळ येऊन चरचर चरचर बोलतो, माणसाने शिळेने उत्तर द्यायचं, मग तो पुढे उडतो, थांबतो, परत बोलतो, आणि पोळ्यापर्यंत नेतो. त्याला वाटाड्या म्हणायचे. त्याचा वाटा म्हणून पोळ्याचा एक तुकडा ठेवायचाच. न ठेवणाऱ्याला तो पुढच्या खेपेला बिबट्यापाशी नेतो. प्रत्येक घराची शीळ वेगळी, म्हणजे पक्ष्यालाही कळावं कुणाला घेऊन चाललोय. लेंतुरेची शीळ अशी: दोन तोकड्या, एक लांब, आणि शेवटी एक लहानशी उचकी. ती उचकी लेंतुरेच्या बापाला खरोखरची लागली होती म्हणे, शीळ घालता घालता, आणि पक्ष्याला ती आवडली.

माशी ती शीळ बोलण्याआधी शिकला. वाटाड्या बोलला की त्याचं तोंड आपोआप उत्तर द्यायचं, झोपेतसुद्धा.

तो जन्मला त्या आठवड्यात लेंतुरेने सात नवे ओंडके टांगले. पोराच्या लग्नासाठी. याकूंमध्ये मुलीच्या बापाला ओंडके द्यायचे असत.

पण पोर मिशा फुटायच्या वयाला येईपर्यंत सगळं फिरलं. मासाई बोलणारी गुरंवाली माणसं जंगलाच्या कडेला येऊन राहिली होती. त्यांनी मुली मागितल्या आणि बदल्यात गायी दिल्या. माशीच्या आत्याच्या बदल्यात दोन कालवडी आणि एक मेंढी आली. तेव्हा त्याची आजी त्यातल्या एका कालवडीभोवती तीन वेळा फिरली आणि म्हणाली, "बरी आहे. पण हिचं झाकण कुठे?" पुढे तिला दुधाची गोडी लागली. सगळ्यांनाच लागली. आणि एकदा दूध प्यायल्यावर मुलीच्या बदल्यात ओंडका कोण घेणार? पाच-सात वर्षांत असं झालं की गाय नाही त्याला बायको नाही. कपारी-कपारीत मोठी मोठी पोरं बिनलग्नाची बसून राहिली. गुरंवाले त्यांना तोरोबो म्हणत. तोरोबो म्हणजे ज्याच्याकडे जनावर नाही तो, रानातलं काहीही खाणारा. लोक तो शब्द थुंकल्यासारखा टाकायचे.

मग एके दिवशी म्हातारे एकत्र बसले आणि ठरलं की पोरांशी आता गुरंवाल्यांच्या बोलीतच बोलायचं. जुनी बोली आपल्याबरोबर संपली तर संपली. लेंतुरे म्हणाला, "तुम्ही बोला. मी चुकतो, मग पोरं हसतात." त्यानेही थोडे दिवस प्रयत्न केला. तो पोराला "ती कुठे गेली होतीस" असं काहीतरी विचारायचा, आणि पोर खरंच हसायचं.

सोळाव्या वर्षी माशी डोंगर उतरला आणि नकापिलील नावाच्या गुरंवाल्याकडे राहिला. चार वर्षं त्याची गुरं राखली. पहिल्या दिवशी नकापिलीलच्या बायकोने त्याला लांबूनच दूध दिलं आणि नंतर तो भोपळ्याचा तुंबा, परक्याने तोंड लावलं म्हणून, धुरावर दोनदा फिरवला. ते त्याने पाहिलं. तेव्हापासून तो अंगाला गायीचं लोणी फासायचा, इतकं की गुराखी म्हणत, "याला उन्हात ठेवू नका, वितळेल." त्याने रानचं मांस सोडलं, मध सोडला. दात काढून घेतले. त्यांच्याच पोरांबरोबर सुंता करून घेतली आणि हूं की चूं केलं नाही. नाव घेतलं सिरोन्का. आणि कुणी विचारलं की तुम्ही मूळचे कुठले, तर म्हणायचा, "आम्ही मासाईच. पणजोबाची गुरं मोठ्या रोगात मेली, म्हणून घर जंगलात गेलं."

अशी गोष्ट सांगणारा तो एकटाच नव्हता. त्या काळी खालच्या कुरणांत निम्म्या माणसांच्या पणजोबांची गुरं मोठ्या रोगात मेलेली होती. तेवढी गुरं खरंच असती तर त्यांना उभं राहायला जागा पुरली नसती. पण कुणी कुणाला खोदून विचारत नसे. विचारणाऱ्याचाही पणजोबा होताच.

तर हा सिरोन्का आठ कालवडींचा धनी झाला आणि त्याने किरिम्पाईला पाहिलं. किरिम्पाई ही कोइनेतची मुलगी. कोइनेत म्हणजे मोठं प्रस्थ. त्याचं आवार इतकं मोठं की एका दाराशी शिंकलं तर दुसऱ्या दाराशी ऐकू येत नसे. किरिम्पाई फार बोलायची नाही. पाण्यावर सिरोन्काने तिला एकदा म्हटलं, "माझ्याकडे आठ कालवडी आहेत." ती म्हणाली, "मला मोजता येतं." तेवढ्यावर तो गार झाला.

तरी त्याने मागणी घातली, आणि कोइनेतने निरोप पाठवला: बापाला घेऊन ये, आणि मधाची दारू करण्यापुरता मध घेऊन ये. आता गंमत बघा. तोरोबोला दारात उभं न करणाऱ्या गुरंवाल्यांचं एकही लग्न मधावाचून होत नाही. ओंडके चालत नाहीत, मध मात्र लागतो.

सिरोन्का चार वर्षांनी कपारीत गेला. बाप ओंडक्याचं झाकण तासत बसला होता. आई केव्हाच वारली होती.

"बाबा, मध लागेल. दोन पिशव्या भरून."

"मग सात ओंडके कुणाचे आहेत? तुझेच. मुलीच्या बापाला सांगितलंस ना, सात म्हणून?"

"ते ओंडके घेत नाहीत, बाबा."

"सात घेत नाहीत? तुझ्या आईच्या बापाने पाच मागितले होते. मी दोन वर दिले, म्हणून ती कधी मला टाकून गेली नाही. मेली, पण टाकून गेली नाही."

"गायी लागतात. आठ आहेत माझ्या."

लेंतुरेने झाकण खाली ठेवलं. "मग मी काय घेऊन येऊ?"

"मध."

"मध तर कुणीही आणेल. बाप म्हणून काय घेऊन येऊ?"

सिरोन्का विस्तवाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाप म्हणून नकापिलील येणार आहे."

लेंतुरेने काडीने निखारे इकडचे तिकडे केले.

"तो बोलतो चांगलं?"

"चांगलं बोलतो."

"मग ठीक. मला त्यांच्या बोलीत चटकन सुचत नाही. आणि मी कोण?"

"मधवाला."

"तो तर मी आहेच," लेंतुरे म्हणाला आणि पुन्हा झाकण तासायला लागला.

ठरलेल्या सकाळी कोइनेतच्या आवारात म्हातारी माणसं बुटक्या स्टुलांवर बसली. नकापिलील बापाच्या जागी, शेजारी सिरोन्का, अंगावर नवी चादर, लोण्याने चकचकीत. लेंतुरे आवाराच्या दाराबाहेर काटेरी झाडाखाली दोन पिशव्या पुढ्यात घेऊन बसला. किरिम्पाई आईच्या खोपटाच्या दारात उभी होती.

कोइनेत बाहेर बघत म्हणाला, "मध चांगला दिसतो. हा तोरोबो कुठे सापडला?"

"जंगलात," सिरोन्का म्हणाला.

"ते कळलं. घरात थोडाच सापडणार."

सगळे हसले. सिरोन्काही हसला. त्या हसण्याची लाज त्याला पुढे वेगळी वाटली, मोठ्या लाजेपेक्षा निराळी, बारीक आणि टोचणारी.

नकापिलील खरंच छान बोलला. मग कोइनेत म्हणाला, "तुझ्या पणजोबाची गुरं कशी होती ते ऐकू दे. रंगांनी सांग." म्हाताऱ्यांना मेलेल्या गुरांचे रंग ऐकायला फार आवडतं. सिरोन्काने तयारी केलेलीच होती. "चाळीस तांबड्या," तो म्हणाला, "बारा कबऱ्या, एक राखाडी बैल, त्याचं डावं शिंग वाकडं..."

एवढ्यात दाराबाहेरच्या काटेरी झाडावर तो मातकट पक्षी येऊन बसला आणि चरचर चरचर बोलायला लागला.

वाकडं शिंग तिथेच राहिलं. सिरोन्काचे ओठ आपसूक गोल झाले आणि शीळ निघाली: दोन तोकड्या, एक लांब, आणि शेवटी उचकी. त्याच क्षणी दाराबाहेरून म्हाताऱ्याचीही निघाली. दोन तोकड्या, एक लांब, उचकी. दोन्ही अशा एकावर एक बसल्या की शीळ एकच वाटली, फक्त जाड.

आवारात दारू गाळणारी बाई हात वर धरून तशीच राहिली.

कोइनेतने डोळे बारीक केले. "तुझ्या पणजोबाच्या चाळीस तांबड्यांपैकी," तो म्हणाला, "अशा शिळेला येणारी कुठली?"

सिरोन्काने चादर सावरली. तेव्हा दाराबाहेर लेंतुरे उठला. आत आला नाही, दारातच उभा राहिला, आणि त्या मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाला, "मालक, शीळ माझी आहे. हा पोरगा गुरं घेऊन जंगलाकडे यायची. मागे लागली, शिकव म्हणून. मी म्हटली, एक शीळ, एक बकरा."

"बकरा दिला त्याने?"

"दिली. खाल्ली. जरा म्हातारी होती."

कोइनेत असा हसला की स्टुलावरून पडता पडता राहिला. "तोरोबो आता शीळही विकायला लागले," तो म्हणाला. "खरं का रे?"

एवढ्यावर 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण सिरोन्का म्हणाला, "खरं. मधवाला आहे हा. माझा कुणी लागत नाही."

कोण लागतो असं कुणी विचारलंच नव्हतं.

लेंतुरेने मान हलवली, जसं एखाद्याने आपल्या बाजूने साक्ष दिली की हलवतात. मग झाडाकडे बोट दाखवून म्हणाला, "ही थांबत नाही जास्त वेळ," आणि पक्ष्यामागे चालू लागला. पिशव्या तिथेच ठेवून.

लग्न झालं. आमच्याकडे सोयरिकीत जनावर दिलं-घेतलं की त्या जनावराच्या नावाने एकमेकांना हाक मारतात. मेंढी दिली तर 'पाकेर', म्हणजे मेंढीवाल्या. सिरोन्काने लग्नात एक मेंढीही दिली होती, म्हणून कोइनेत मरेपर्यंत जावयाला पाकेर म्हणायचा, मायेने, लांबून ओरडून. सिरोन्काला ती हाक आवडायची आणि आवडली की बाप आठवायचा. ज्याच्याकडून त्याने सात ओंडके नाकारले होते, त्याला कुणी कसली हाक मारायची?

लेंतुरे दर वर्षी फुलोरा संपला की यायचा. सिरोन्काच्या आवाराच्या दाराशी मधाचा तुंबा ठेवायचा, जरा बसायचा, जायचा. आत कधी आला नाही. सिरोन्काने बोलावलं नाही. किरिम्पाई दूध घेऊन दारापर्यंत जायची, आणि तुंबा धुरावर एकदाच फिरवायची, जसा घरच्यांसाठी फिरवतात तसा. सिरोन्काला वाटे, ही विसरते. थोरली मुलगी नाशिपाए चार वर्षांची असताना एकदा ओरडली, "तोरोबो आला, नाक धरा." आणि तिने धरलं. लेंतुरेने पण आपलं नाक धरलं आणि नाकातून विचारलं, "तुझं नाव काय?" पोरगी खिदळली. सिरोन्का वीस पावलांवर वासराचा कान तपासत होता. त्या कानात काही नव्हतं. तरी तो म्हातारा जाईपर्यंत कान तपासत राहिला.

मग एका वर्षी फुलोरा संपला आणि तुंबा आला नाही. सिरोन्काने दोन महिने वाट पाहिली, म्हणजे दोन महिने स्वतःला कारणं दिली. शेवटी गेला. कपार थंड होती. शेजारच्या खडकात एक म्हातारी उरली होती, तिने जुन्या बोलीत सांगितलं. त्याला तिचं निम्मंच कळलं आणि निम्मं पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही. लेंतुरे उन्हाळ्यात गेला. तिनेच वर दगड रचले. "त्याचे सात ओंडके बघून जा," ती म्हणाली. "दर वर्षी साफ करायचा. झाकणं नवी लावायचा. म्हणायचा, कुणाचं मत कधी बदललं तर तयार असावेत."

सातही ओंडके टांगलेले होते. झाकणं नवी.

परतताना वाटाड्या आला. अगदी डोक्याजवळच्या फांदीवर बसून बोलायला लागला. सिरोन्काने ओठ गोल केले आणि त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला, माझा कुणी लागत नाही. शीळ ओठांतच राहिली. पक्षी पुढे उडाला, परत आला, पुन्हा बोलला, आणि शेवटी कंटाळून निघून गेला.

घरी आल्यावर किरिम्पाईने विचारलं, "कुठे होतास?"

"एक कालवड चुकली होती."

"सापडली?"

"नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या पोरांची डोकी भादरली आणि स्वतःचंही. आमच्याकडे घरात मरण झालं की डोकी भादरतात. सिरोन्का दचकला. "हे काय?" "उवा झाल्यात," ती म्हणाली. आणि त्याने ते खरं मानलं. खरं मानणं सोयीचं होतं.

त्यानंतर त्याने शीळ घातली नाही.

अशी चाळीसेक वर्षं गेली. कोइनेत गेला, नकापिलील गेला. सिरोन्काचे वरचेही दात गेले. आणि मग वारा उलटा फिरला. कुठूनतरी बातमी आली की जंगल कुणाचं याची चौकशी सुरू झाली आहे. जे आधीपासून तिथे राहत होते त्यांचं नाव लागणार. कोइनेतचा नातू लेकिशोन शाळेत मास्तर होता, तो एके दिवशी कागदाचं भेंडोळं घेऊन आला.

"आजोबा, आपल्याला यादी करायची आहे. आपण सगळे याकू आहोत."

"तू केव्हापासून?" सिरोन्काने विचारलं.

"कोइनेत आजोबांची आई खडकातली होती म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"आता सगळेच म्हणतात."

आणि खरंच म्हणत होते. त्या वर्षी कुरणातल्या निम्म्या घरांना खडकातली एकेक पणजी निघाली. तेवढ्या पणज्या खरंच असत्या तर कपारीत मावल्या नसत्या. सिरोन्काने मास्तरच्या तोंडाकडे पाहिलं. ती गोष्ट खरी होती की नाही ते त्याला कळेना. कदाचित खरीही असेल. कोइनेत त्या दिवशी जरा जास्तच हसला होता. पण सांगण्याची ढब त्याने ओळखली. ती त्याचीच होती, फक्त उलटी करून अंगावर घेतलेली. पूर्वी ज्यांना तोरोबो म्हणून थुंकायचे त्यांचंच नाव हे पोर छातीवर लावून फिरत होतं, आणि त्याला रागवायला सिरोन्काकडे तोंड नव्हतं.

बैठक कोइनेतच्या जुन्या आवारात भरली. नैरोबीहून एक बाई वही घेऊन आली होती. लोकांनी जुन्या बोलीतले शब्द सांगितले. एकाला पाणी आठवलं, एकाला विस्तव. एकाने सांगितलेला शब्द चक्क मासाई निघाला आणि लोकांनी त्याची टर उडवली, "बस खाली, पणजीने तुला फसवलं." मग सगळे सिरोन्काकडे वळले.

"तुम्ही तिथलेच ना, आजोबा?" बाईने विचारलं. "वडिलांचं नाव?"

सिरोन्का काठीवर हनुवटी टेकवून बसला होता. समोर आवाराचं दार, दाराबाहेर ते काटेरी झाड, आता निम्मं वाळलेलं. बाईला वाटलं, त्याला ऐकू आलं नाही. तिने पुन्हा मोठ्याने विचारलं.

"लेंतुरे," तो म्हणाला.

मास्तर म्हणाला, "लेंतुरे म्हणजे तो मध आणायचा तो? लोक सांगतात तो?"

"तोच. माझ्या लग्नाच्या बोलणीला तो त्या झाडाखाली बसला होता. मी त्याला आत घेतलं नाही. तुझ्या आजोबाला मी सांगितलं, हा माझा कुणी लागत नाही." तो थांबला. "कुणी विचारलंसुद्धा नव्हतं."

बायकांत नाशिपाए बसली होती, स्वतः आजी झालेली. तिचा हात आपोआप नाकापाशी गेला आणि तिथेच राहिला. "तो, बाबा?" ती म्हणाली. "तो मधवाला?"

सिरोन्काने खालमानेनेच होकार दिला.

बाईने हळूच विचारलं, "त्यांची काही खूण आठवते? ओंडक्यावरची खूण, एखादा शब्द?"

"शीळ होती," तो म्हणाला. त्याने ओठ गोल केले. तोंडात एकही दात नव्हता. फुस्स करून वारा निघाला. पुन्हा केलं, पुन्हा वारा. एकजण हसला आणि लगेच गप्प झाला. सिरोन्काने तिसऱ्यांदा ओठ गोल केले, आणि मागून शीळ आली. दोन तोकड्या, एक लांब, शेवटी लहानशी उचकी.

किरिम्पाई होती. ऐंशी वर्षांची बाई, शीळ घालताना कुणी तिला कधी पाहिलं नव्हतं. शीळ संपल्यावर तिने चादरीच्या टोकाने ओठ पुसले.

बाईने वही पुढे धरली. "आजी, ही कुठे ऐकलीत?"

"इथेच. दोघांनी एकदम घातली होती. एकाच छातीतून आल्यासारखी."

सिरोन्का वळला. "तुला माहीत होतं?"

"कान होते मला."

"मग बोलली का नाहीस?"

"डोकी भादरली होती ना मी," किरिम्पाई म्हणाली. "तुझं तेवढं राहिलं. म्हटलं, सांगशील कधीतरी आणि मागशील वस्तरा."

आवारात माणसं खूप होती, पण सिरोन्काला त्या क्षणी कुणाचं तोंड पाहवेना. जी शीळ त्याने हिच्यापासून लपवली, ती हिनेच सांभाळली होती. लाज अशी की आधीची सगळी त्यात मावली. तो उठला, आपलं स्टूल उचललं, दाराबाहेर गेला आणि काटेरी झाडाखाली, त्या दिवशी पिशव्या ठेवल्या होत्या तिथे, बसला.

मास्तर धावत आला. "आजोबा, आत चला. तुमचं नाव पहिलं लिहायचं आहे."

"त्याचं लिही. माझं मागून बघू."

"काय म्हणून लिहू?"

"लेंतुरे. त्याच्याकडे सात ओंडके होते. ते लिही. सात."

थोड्या वेळाने किरिम्पाई वस्तरा आणि पाण्याचा तुंबा घेऊन आली. त्याच्या मागे उभी राहिली, डोकं हाताने जरा वाकवलं आणि म्हणाली, "भादरायला उरलंय काय यात."

"असेल तेवढं कर," तो म्हणाला आणि मान खाली घातली.